उधार बंदची पाटी

४ जानेवारी

ही डायरी साबण पावडरच्या एजंटाने फुकट दिली. लेक म्हणाली, "आई, दिवसभर माझ्यावर ओरडतेस, त्यातलं निम्मं हिच्यात ओरड." म्हणून बसले लिहायला. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षर कसंही येईल. ज्याला बघवत नाही त्याने वाचू नये. हे लेकीला उद्देशून आहे, कारण चोरून वाचणारी तीच.

आजची मोठी गोष्ट. कोपऱ्यावर नवीन हॉटेल बांधतायत, त्याचा मॅनेजर आमच्या लॉन्ड्रीत आला. गळ्यात टाय, टायवर डाग. मी म्हटलं, "बोलणं नंतर, आधी तो टाय सोडा." तिथल्या तिथे डाग काढून हातात दिला. गडी खूश झाला. म्हणाला, "काकू, चाळीस खोल्या आहेत. चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळं रोजच्या रोज. डिसेंबरात उघडतोय. जमेल?"

जमेल म्हणाले. न जमायला काय झालं? फक्त माझ्याकडे दोन छोटी मशिनं आहेत आणि त्यातलं एक म्हाताऱ्यासारखं खोकतं. तीस किलोचं मोठं मशीन घ्यायला लागेल. त्याची किंमत ऐकून लेक मटकन खाली बसली. मी म्हटलं, थोडे पैसे साठवलेत, बाकीच्यासाठी बँका कशाला आहेत?

टायवाला जाताना समोरच्या लॉन्ड्रीत डोकावून गेला. त्यांच्याकडे मोठं मशीन आहे. मी बघितलं, बघितलं नाही असं दाखवलं.

५ जानेवारी

बँकेने हाकललं.

खिडकीत एक चष्मेवाली पोरगी आहे. लेकीच्याच वयाची, पण चेहरा मुख्याध्यापिकेचा. म्हणाली, "ताई, तुमचा स्कोअर पाचशे एकोणचाळीस आहे."

"कितीपैकी?"

"नऊशेपैकी."

"मग पास आहे की! चौथीत मला याहून कमी होते, तरी वर ढकललं."

हसली नाही. म्हणाली, हा स्कोअर म्हणजे तुमची पत. घेतलेलं कर्ज तुम्ही किती नीट फेडता त्याचे मार्क. सहाशे ऐंशीच्या खाली आम्ही कर्ज देत नाही.

मी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही. दुकानात पाटी आहे, "उधार बंद", माझ्या हाताने रंगवलेली. मी उधार देत नाही आणि घेतही नाही. मग मार्क कुणी कापले? तिने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं. टेम्पो.

म्हणजे दीर. नऊ वर्षांपूर्वी त्याने टेम्पो घेतला. तेव्हा आमचे हे होते. हे म्हणाले, "कर गं सही, भाऊच आहे माझा." केली. जामीन म्हणून. पुढच्या वर्षी हे गेले, त्याच्या पुढच्या वर्षी टेम्पो गेला, आणि मग दीर गेला. तो मात्र परदेशात. हप्ते कुठे जाणार? ते माझ्या डोक्यावर येऊन बसले.

डोकं इतकं फिरलं की तिथून निघाले ते आणखी तीन बँकांत अर्ज ठोकून आले. ही नाही तर दुसरी.

९ जानेवारी

तिन्ही बँकांकडून नकार आला. परत चष्मेवालीकडे. स्कोअर आता पाचशे एकवीस!

"आता काय केलं मी?"

"एका दिवसात चार ठिकाणी कर्ज मागितलंत, ताई. बघणाऱ्याला वाटतं, ही बाई अडचणीत आहे."

"अहो, आहेच अडचणीत! म्हणून तर मागतेय!"

रांगेतली माणसं हसली. चष्मेवालीचीही मिशी असती तर थरथरली असती. म्हणाली, "आधी ते टेम्पोचं मिटवा. मग थांबा. हळूहळू वाढतो."

थांबा. हा शब्द मला शिवीसारखा लागतो.

११ जानेवारी

मिटवायचं कुणाशी ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या कर्जाच्या कंपनीचा एक माणूस वर्षभर रोज फोन करतोय. सकाळी अकरा म्हणजे अकरा, घड्याळ लावून घ्यावं. तो काही सांगायला लागला की मी "राँग नंबर" म्हणते. तो "बरं मॅडम, उद्या करतो" म्हणतो. मी त्याचं नाव अकरावाला ठेवलंय.

आज फोन आला तेव्हा म्हटलं, "बोला."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज. मग घाबरून विचारतो, "मॅडम, बरं आहे ना सगळं?"

पत्ता घेतला.

१४ जानेवारी

त्यांचं ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक खोली. सात-आठ जण कानाला यंत्र लावून कुणाकुणावर खेकसत होते. एकच माणूस कोपऱ्यात हळू आवाजात म्हणत होता, "नाही नाही, आधी मुलाचा ताप बघा. मी सोमवारी करतो." आवाज ओळखला. अकरावाला.

पन्नाशीचा असेल. चेहरा सरळ. पण शर्ट! असा शर्ट मी जन्मात बघितला नाही. रात्रभर कुणी त्यावर झोपल्यासारखा. आणि कॉलरची दोन टोकं दोन दिशांना, भांडण झाल्यासारखी. मला कर्जाचं बोलायचंच सुचेना.

"घरी इस्त्री कोण करतं?"

"आई करायची. ती गेल्यापासून... कोणी नाही."

"बायको?"

"तो योग आला नाही."

म्हटलं, दुकानात आणून टाका, रोख पैसे लागतील. मग कामाला लागले. तो म्हणाला, "मॅडम, एकदम भरलंत तर सूट मिळते, पण तसं मिटवलं तर पुढे..."

"पुढचं मी बघते. निम्मे देईन."

"निम्म्यात मिटेल हो, पण एकदा ऐकून तर..."

"मला शिकवू नका. निम्मे घ्या, नाहीतर ही उठले."

"मॅडम, माझं म्हणणं एवढंच की..."

उठले. दारापर्यंत गेले. आतल्या केबिनमधून मोठा साहेब धावत आला, "घ्या, घ्या! बसवा त्यांना!" निम्म्यावर सौदा ठरला. मशीनसाठी साठवलेल्यातले पैसे गेले, पण निम्मेच गेले! अकरावाला कपाळाला हात लावून बसला होता. हरल्याचं दुःख, दुसरं काय.

लेकीला सगळी हकिगत दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगायला लागले तर दिवा घालवून झोपली.

२० फेब्रुवारी

अकरावाला चार शर्ट घेऊन आला. गिऱ्हाइकाची खूण म्हणून मी कॉलरच्या आत शाईने काहीतरी लिहिते. त्याला विचारलं नाही, सरळ ११ लिहिलं. बघत उभा राहिला. मी सांगितलं, कॉलर टोकाकडून मधे दाबत आणायची, मधून टोकाकडे गेलात की सुरकुती टोकाला जमते. मन लावून ऐकलं. एवढं तर लेक कधी ऐकत नाही.

एक खटकलं. अख्खी गल्ली मला ताई म्हणते, काकू म्हणते, मावशी म्हणते. हा मॅडमच्या खाली उतरत नाही. एवढा कसला शिष्टाचार! लेकीला सांगितलं तर तिला ठसका लागला.

३ मार्च

बँक. टेचात गेले. तिने कॉम्प्युटर बघितला आणि चष्मा काढला. डॉक्टर असं करतात तेव्हा बातमी वाईट असते.

"ताई, हे तुम्ही तडजोडीने मिटवलंत?"

"निम्म्यात!" मी म्हटलं. आवाज बाहेरच्या वॉचमनला गेला असेल.

"तसंच लिहून आलंय इथे. पूर्ण फेडलं नाही, कमी पैशात मिटवलं. कर्ज फेडल्यात जमा नाही हे. हा शेरा वर्षानुवर्षं राहतो. तो बघून कुठलीच बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही."

घरी आले. रिकाम्या पाटावर इस्त्री फिरवत बसले. खालून जळका वास आल्यावर कळलं.

४ मार्च

अकराला फोन. कर्ज मिटलं तरी हा फोन करतोच. "सहज, खात्री करायला" म्हणतो. कंपनीची शिस्त चांगली आहे, एवढं मानलं पाहिजे. पण आज उभा आडवा झापला.

"सांगितलं का नाही मला?"

"तीनदा तोंड उघडलं, मॅडम."

"मग चौथ्यांदा उघडायचं!"

"चौथ्यांदा तुम्ही दारात होतात."

  मग तोच म्हणाला, "उरलेले भरलेत तर पूर्ण फेड म्हणून लिहून मिळू शकतं. आमच्याकडे असं कुणी केलेलं नाही, पण मिळू शकतं."

उरलेले म्हणजे मशीनसाठी डब्यात साठवलेले होते नव्हते ते सगळे. रात्रभर विचार वगैरे केला नाही. डबा उघडला आणि मोजले.

६ मार्च

आजचं लिहिलंच पाहिजे. मी त्या चपलांच्या दुकानावर गेले आणि म्हटलं, "उरलेले निम्मे घ्या."

मोठा साहेब म्हणाला, "बाई, तुमचं मिटलंय. घरी जा."

"घ्या म्हणते ना!"

"का?"

"का म्हणजे? देणं आहे माझं!"

"अहो, खातं बंद झालंय. कॉम्प्युटरात पैसे घ्यायला जागाच नाही."

"जागा करा!"

सगळ्यांनी कानातली यंत्रं काढून ठेवली आणि ऐकायला लागले. जानेवारीत कमी करा म्हणून मी जिथे भांडले, तिथेच जास्त घ्या म्हणून भांडत होते. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बाईंना पाणी द्या." मी म्हटलं, "पाणी नको, पावती द्या." साहेबाने हात टेकले. तेव्हा कोपऱ्यातून अकरावाला उठला. "साहेब, मुख्य ऑफिसला जाऊन मी करून आणतो. दोन दिवस रजा टाकतो."

"तुझी रजा? हिच्या कामाला?"

"साठलीये बरीच."

शर्ट माझ्या हातचा होता. एकदम कडक. कपडा नीट असला की माणसाला उभं राहायला बळ येतं, हे मी नेहमी सांगते.

२८ मार्च

पत्र आलं. "कर्जाची संपूर्ण फेड झाली, काही देणे बाकी नाही." अकरावाला स्वतः घेऊन आला, पाकिटात, घडी न पडू देता. मुख्य ऑफिसला दोनदा नाही, तीनदा जावं लागलं म्हणे. मी एक शर्ट फुकट करून देते म्हटलं तर नको म्हणाला, "पाटी आहे ना, मॅडम."

आता कर्ज नाही. पैसेही नाहीत. डब्यात एक सुटं बटण निघालं.

१९ एप्रिल

चष्मेवाली पहिल्यांदा हसली. पत्राची नोंद लागली, स्कोअर वर सरकलाय. पण म्हणते, "ताई, नुसतं जुनं पुसून भागत नाही. आता चांगली सवय दाखवायची. थोडं उधार घ्यायचं, वेळेवर फेडायचं, परत घ्यायचं, परत फेडायचं."

"उधार घेतलं नाही तर जास्त चांगली ना मी?"

"ज्याने कधी घेतलंच नाही, तो फेडेल की नाही हे कळणार कसं?"

विचित्र जग आहे. थोडी ठेव ठेवून तिने मला एक कार्ड दिलं. महिनाभर त्यावर सामान घ्यायचं, महिन्याने बिल येतं, ते भरायचं. घरी आणून पावडरच्या डब्यात पुरलं.

३० मे

कार्ड वापरलंच नाही म्हणून ओरडा खाल्ला. लेकीच्या वयाच्या पोरीकडून.

१२ जून

वापरलं. साबण पावडरचं पोतं घेतलं. आणि पोतं दुकानात टाकून तशीच धावत बँकेत जाऊन पैसे भरून आले. दुपार व्हायच्या आत उधारी खल्लास! याला म्हणतात वेळेवर.

१५ जुलै

पुन्हा तसंच. सकाळी घेतलं, जेवायच्या आत फेडलं.

४ ऑगस्ट

चष्मेवालीने माझ्यापुढे हात जोडले. खरोखर जोडले.

"ताई, बिल येऊ द्या!"

"का? मी आधीच भरते."

"बिल यायच्या आधी भरलंत की नोंद शून्य होते. तुम्ही घेतलंत आणि फेडलंत, हे कुणाला कळतच नाही. घ्या. थांबा. बिल येऊ द्या. मग भरा."

"देणं डोक्यावर असलं की मला झोप येत नाही."

"मग जागत बसा. पण बिल येऊ द्या."

अकरावाल्याला हे सांगितलं तर कितीतरी वेळ हसत होता. त्याला हसता येतं हे आज कळलं. म्हणाला, "मॅडम, लोक बिल येऊन गेलं तरी भरत नाहीत, म्हणून माझी नोकरी आहे. तुमच्यासारखी चार माणसं असती तर आम्ही सगळे घरी बसलो असतो."

२५ ऑगस्ट

दोन तक्रारी.

एक. अकरावाला हल्ली साडेअकराला फोन करतो. एवढा शिस्तीचा माणूस, आळशी झाला. विचारलं तर म्हणतो, "अकराला एक दुसरं काम असतं."

दोन. आज जे शर्ट घेऊन आला ते स्वच्छ होते. इस्त्री केलेले. आणि इस्त्री माझी! मी माझी घडी ओळखत नाही का? माणसाला स्वच्छ काय आणि मळकं काय हेही कळेना झालंय. एकट्या माणसाचं असं होतं. कीव आली, पुन्हा धुऊन दिले. लेक पलीकडे चादरीत तोंड घालून खिदळत होती. तिला काय झालंय कळत नाही. जास्त काम पडलं की पोरं अशी करतात.

१६ सप्टेंबर

दिराचा फोन! इतक्या वर्षांनी! आवाज रडवेला.

"वहिनी, पैसे पाठवतोय. टेम्पोचे. अर्धे आत्ता, अर्धे पुढच्या महिन्यात. पण तेवढं त्या माणसाला सांग, आता पुरे."

"कोणत्या माणसाला?"

"रोज फोन करतो गं! महिना होऊन गेला! शिवी नाही, धमकी नाही. नुसतं विचारतो, 'वहिनींचे पैसे कधी देताय?' मी जेवत असलो तर म्हणतो, 'जेवा सावकाश, मी थांबतो.' आणि खरंच थांबतो, वहिनी! माझं जेवण खाली उतरत नाही!"

कंपनीने प्रकरण चालू ठेवलं असणार. खातं बंद झालं तरी काम सोडत नाहीत. म्हटलं ना, शिस्त चांगली आहे.

पैसे आले. डब्यात घातले. बटण काढून शिवणाच्या पेटीत टाकलं.

९ ऑक्टोबर

स्कोअर सहाशे एकसष्ट. एकोणीस कमी.

टायवाला आला. काकू म्हणाला नाही, चेहरा पाडून उभा राहिला. "समोरचे दर कमी करून देतायत. मालक विचारतायत. तुमचं मशीन कधी येणार? नोव्हेंबरच्या पंधरापर्यंत सांगा, नाहीतर मला तिकडे जावं लागेल."

तो गेल्याबरोबर मी चपला घातल्या. पलीकडच्या रस्त्यावर नवीन बँक उघडलीये, तिथे अर्ज टाकायचा. देतील, नाही देतील, निदान काहीतरी होईल! तेवढ्यात साडेअकराचा फोन. त्याला सांगितलं.

"नका जाऊ, मॅडम. पुन्हा घसरेल. या महिन्याचं बिल येऊन भरलं गेलं की वाढणारच आहे. थांबा."

"तुमचं काय जातं थांबा म्हणायला! दुकान माझं आहे!"

"हो," म्हणाला.  पण फोन ठेवला नाही.

चपला काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी थांबा म्हटलं आणि मी थांबले. फार वाईट वाटतं थांबायला. 

२४ ऑक्टोबर

फोन आला नाही. अकरालाही नाही, साडेअकरालाही नाही.

२५ ऑक्टोबर

नाही.

२७ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट जाळला. पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा. गिऱ्हाइकाचा कपडा जाळायची ही पहिलीच वेळ. त्या म्हणाल्या, "असू दे मावशी, होतं." मला नाही होत!

२८ ऑक्टोबर

त्यांच्या ऑफिसला मीच फोन केला. मोठा साहेब म्हणाला, "तो? सोडून गेला. नाहीतर आम्हीच काढला असता. वसुली जमायचीच नाही त्याला. बंद झालेल्या प्रकरणात कुणाच्या तरी दिराला रोज परदेशात फोन करत होता. आणि तेही खिशातले पैसे घालून! विचारलं तर म्हणे, माझी जेवणाची सुट्टी मी तेव्हा घेतो."

आज लिहिण्यासारखं काही नाही.

२९ ऑक्टोबर

लेकीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

म्हणाली, "आई, समोरच्या लॉन्ड्रीवाल्यालासुद्धा माहीत आहे."

११ नोव्हेंबर

सहाशे चौऱ्याऐंशी!!

चष्मेवाली खिडकीतून उठून बाहेर आली आणि माझा हात हातात घेतला. आम्ही दोघीही थोडं मूर्खासारखं वागलो, ते लिहीत नाही. डब्यातले पैसे भरले, बाकीचं कर्ज मंजूर. टायवाल्याला सांगितलं, त्याने तिथल्या तिथे मालकाला फोन लावला आणि मला "काकू" म्हणाला. म्हणजे काम पक्कं.

घरी येताना चपलांच्या दुकानावरून आले. काही काम नव्हतं. वर बघितलं, खिडकी बंद होती.

२ डिसेंबर

मशीन आलं. दारातून जाईना, चौकट काढावी लागली. चार माणसांनी ढकललं, मी ओरडले, गेलं आत. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा लेकीने टाळ्या वाजवल्या. खोकत नाही. गुणगुणतं.

५ डिसेंबर

सकाळी अकरा वाजता फोन.

"नमस्कार मॅडम. दातांच्या दवाखान्यातून बोलतोय. तुमची तपासणीची वेळ..."

"माझे दात ठीक आहेत," मी म्हटलं. आणि मग, "कुठे होतात तुम्ही?"

इथे नोकरी लागली म्हणे. दिवसभर लोकांना फोन करून आठवण करायची, उद्या या, दाढ दाखवा. कुणी घाबरलं तर धीर द्यायचा. पगार कमी आहे, पण कुणावर खेकसावं लागत नाही. आधी का नाही फोन केला विचारलं तर म्हणाला, "आधी कंपनीचं कारण होतं. मग कारणच उरलं नाही. इथे लागल्यावर पुन्हा मिळालं."

"शर्ट कोण करतंय?"

"साठतायत, मॅडम."

"आणून टाका," मी म्हटलं.

१५ डिसेंबर

हॉटेल उघडलं. पहिल्या चाळीस खोल्यांच्या चादरी आल्या. डोंगर. मशीन सकाळपासून फिरतंय, लेक अभ्र्यांच्या घड्या घालतेय आणि गातेय. बेसूर, पण असू दे.

संध्याकाळी अकरावाला आला. हातात सहा शर्ट, आता मात्र खरे मळलेले. पंधरा दिवस साठवले असावेत. इस्त्री होईपर्यंत स्टुलावर बसून राहिला. मी कॉलर टोकाकडून मधे आणली, प्रत्येकाची, सावकाश. एवढी सावकाश मी कधी करत नाही.

पैसे द्यायला खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग कानापर्यंत लाल झाला.

"पाकीट दवाखान्यात राहिलं. शर्ट राहू देत इथेच, मी उद्या पैसे..." आणि त्याने पाटीकडे बघितलं.

मीही बघितलं. "उधार बंद." माझंच अक्षर. वीस वर्षांचं.

दुकानात उधारीची वहीच नाही. म्हणून या डायरीच्या मागचं पान फाडलं आणि पेन घेतलं.

"नाव सांगा."

"मॅडम, वर्षभर रोज फोनवर पहिल्यांदा नावच सांगायचो. तुम्ही राँग नंबर म्हणायचात."

"आता सांगा."

सांगितलं. लिहून घेतलं. इथे लिहीत नाही, लेक वाचते. चांगलं नाव आहे.

"सहा शर्ट," मी म्हटलं. "आता एक ऐका. मला बँकेने शिकवलंय, फुकट नाही, वर्ष गेलं त्यात. थोडं उधार घ्यायचं, वेळेवर फेडायचं, परत घ्यायचं. तेव्हा कुठे माणसाची पत ठरते. आणि मॅडम म्हणणं बंद."

"मग काय म्हणू? ताई?"

"ताई म्हणालात तर रोख द्यावे लागतील."

मागे लेकीच्या हातातून अभ्र्यांची थप्पी पडली. मी वळून बघितलं नाही.

तो शर्ट छातीशी धरून उभा. म्हणाला, "उद्या सकाळीच पैसे आणून देतो."

"मुळीच नाही. बिल आल्याशिवाय भरायचं नाही."

"आणि बिल कधी येणार?"

"थांबा," मी म्हटलं.